रोज बायबल वाचूनही विश्वासात वाढ का जाणवत नाही?

तुम्ही विचारलंय की बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं झाली, वाचन-प्रार्थना नियमित आहे, तरी विश्वासात वाढ जाणवत नाही. मग रोज किती वेळ द्यावा आणि देवाची इच्छा ओळखावी कशी? वेळ वाढवून काहीही होणार नाही. मी वाढवून पाहिलाय.

बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज तीन-सव्वातीन पडतात. सलग सहा वर्षं मी ते केलं. वहीत रकाने आखले होते, अध्याय झाला की बरोबरची खूण. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी "यंदा कुठवर आलात?" विचारलं की मान आपोआप ताठ व्हायची. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर धाकट्या भावाकडून घेतलेल्या उसन्या पैशांचा हिशोब होता. दोन हप्त्यांत फेडायचे ठरले होते. पहिल्या हप्त्यापुढे खूण होती, दुसऱ्यापुढे नव्हती.

त्याने एकदा विचारलंही होतं, "दादा, दुसरा हप्ता राहिलाय ना?" मी म्हटलं, "दिला की रे, विसरलास तू." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. तो गप्प बसला. पुढे केव्हातरी मागचं पान उघडलं गेलं आणि ती रिकामी जागा दिसली. मी वही मिटली. त्यानंतर दोन वर्षं पुढची पानं मात्र नेमाने भरत राहिलो.

दरवर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय यायचाच. २३ आणि २४ वं वचन तुम्हाला माहीत असेल: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट वाचा. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे का, हे तिथे विचारलेलंच नाही. माझ्या मनात कशाला असेल? पैसे त्याचे अडकले होते, मी मजेत होतो. एका रात्री हे एकदाचं टोचलं. मग मी काय केलं? प्रार्थनेला बसलो. "प्रभू, मार्ग दाखव." तीन आठवडे हेच, मध्ये एक उपाससुद्धा. उत्तर मांडीवर उघडं पडलेलं आणि मी डोळे मिटून दर्शनाची वाट बघतोय!

शेवटी फोन केला. म्हटलं, तू बरोबर होतास, आणि मला कळल्यावरही मी गप्प राहिलो. तो म्हणाला, "मला माहीत होतं, दादा." संपलं. पैसे दिले, तेही मुद्दलच. बायबलमधला जकातदार जक्कय लुबाडलेल्यांना चौपट द्यायला निघाला होता, माझी तेवढी छाती नव्हती. भावजय अजून मोजकंच बोलते, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आमची ऋणे आम्हांस सोड' या ओळीवरून घाईघाईने पुढे पळावं लागलं नाही. सहा वर्षांच्या खुणांनी एवढं केलं नव्हतं.

देवाच्या इच्छेचं म्हणाल तर कोणती नोकरी, कोणतं स्थळ, याबद्दल मी काही सांगू शकत नाही. जे आधीच कळलंय आणि केलेलं नाही, तिथून सुरू करा. वधस्तंभ उचलायची आज्ञा मत्तय, मार्क, लूक तिघांतही आहे, पण 'दररोज' हा शब्द एकट्या लूकमध्ये (९:२३) येतो. मला तो शब्द सगळ्यात जड जातो. एकदाच काहीतरी मोठं करायला सांगितलं असतं तर कोड बरं व्हावं म्हणून संदेष्ट्याकडे गेलेल्या नामान सेनापतीसारखे आपणही तयार झालो असतो. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार म्हटलं की राग येतो.

हे मी अभ्यासाच्या गटात बोललो तेव्हा आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे पुढारी, म्हणाले, "हे कर्मांचं बोलणं झालं. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे," आणि इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचनं वाचून दाखवली. तारण कृपेनेच आहे, मी कधी नाही म्हटलं? पण १०व्या वचनात आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलंय असं लिहिलंय. ते मी वाचा म्हटलं, तर त्यांना वेळ झाला होता. पुढच्या वेळी गट थेट तिसऱ्या अध्यायावर! कृपेच्या नावाखाली न फेडलेली उधारी लपवता येते हे मला कुणी शिकवू नये, मी स्वतः लपवलीय.

एक मात्र सांगायला हवं. आज्ञापालन देवाचं. "आज्ञा पाळ" म्हणत कुणी तुम्हाला मारहाण सोसायला लावत असेल किंवा तुमचे पैसे, तुमचे निर्णय आपल्या हातात घेत असेल, तर मग तो पाळक का असेना, तिथून उठा. आणि वाचन बंद करा असंही मी म्हणत नाहीये. ते वचन मला वाचतानाच टोचलं होतं.

वेळेचं राहिलंच. माझ्यापुरती सकाळची पंधरा मिनिटं पुरतात. वही अजून आहे, पण यंदा यिर्मयाच्या पुस्तकापुढे सरकलेली नाही.