क्षार, लवण की मीठ?

सोलापुरातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: दहावीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर लिहिलंय, 'समुद्रातील क्षार आणि क्षारीय झरे यांच्यामुळे जीवसृष्टीचा उगम झाला असावा.' दोन्हीकडे क्षारच कसा? एका ठिकाणी लवण करू का?

बाई, हा घोळ मुलीचा नाही, आपल्या पुस्तकांचा आहे. शाळेत आपण शिकवतो, आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी. विश्वकोशात त्याच पदार्थाला लवण म्हटलंय, आणि तिथे क्षारीय म्हणजे तांबडा लिटमस निळा करणारं. मुलीच्या वाक्याचा पहिला तुकडा शाळेचा, दुसरा विश्वकोशाचा.

विश्वकोशाचा अर्थ जुना. संस्कृतात क्षार म्हणजे राखेतून काढलेला दाहक पदार्थ. आपला पापडखार त्याच घरचा. पण बोअरचं पाणी तापवून हीटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरली, की आपण म्हणतो 'क्षार साचले'. बोलण्यात हा दुसरा अर्थच पक्का झालाय, आणि तो मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

या विषयात मात्र दोन्ही अर्थ वेगळे राहायलाच हवेत. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यात मीठ सर्वांत जास्त, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियमचे क्षार. मिठाच्या दाट पाण्यात तांब्याचे आयन असले तर अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जातात, असं प्रयोगांत दिसलंय. उलट, पहिल्या पेशींची आवरणं साध्या मेदाम्लांची असतील, तर मॅग्नेशियम-कॅल्शियम ती टिकू देत नाहीत. आपल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला साका बसतो ना? साबण मेदाम्लांचाच, म्हणून हे तेच रसायन. त्यामुळेच काही शास्त्रज्ञ जीवाचा उगम समुद्रात न शोधता जमिनीवरच्या गोड्या, गरम डबक्यांत शोधतात.

झऱ्यांची गोष्ट निराळी. अटलांटिकच्या तळाशी २००० साली सापडलेल्या 'लॉस्ट सिटी'च्या झऱ्यांचा पीएच ९ ते ११ आहे, म्हणजे सातच्या वर: पाणी अल्कधर्मी, विश्वकोशाच्या भाषेत क्षारीय. प्राचीन समुद्र किंचित आम्लधर्मी असावा, असं मानतात. असं पाणी त्याला भिडलं, की दोहोंतल्या फरकातून पहिली ऊर्जा मिळाली असावी, अशी ती कल्पना. म्हणजे इथे महत्त्व खारटपणाला नाही, अल्कधर्माला आहे.

आपल्या कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात हा भेद शेतकरी सहज करतात. वर पांढरा थर आला तर जमीन खारवट. सोडियम चिकटून पीएच चढला, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड झाली, तर चोपण. दोन दुखणी, दोन शब्द.

तेव्हा लवण नको, ते 'लोणचं' आणि 'अळणी' या शब्दांत सुखाने नांदतंय. मीठ फक्त सोडियम क्लोराइडपुरतं ठेवा. तक्त्यावर लिहा: 'समुद्रातील क्षार आणि समुद्रतळाचे अल्कधर्मी झरे'. जागा उरली तर शेजारी लोणार सरोवराचं चित्र लावा. नावात लवण, आणि पाणी खारटही, अल्कधर्मीही.