सही करण्याआधी ठराव वाच

बेळगाव

पोरी,

परवा हुतात्मा चौकात घाईघाईत विचारलंस, "काका, विधानसभेला उभं राहायचं तर आत्तापासून काय करू?" चहाच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या काय सांगणार, म्हणून लिहायला बसलो. वयाची अडचण नाही. पंचवीस पूर्ण झाली की आमदारकीचा अर्ज भरता येतो, तू तर सत्तावीसची. मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या पंचायतीच्या मागच्या बैठकीत कुठले ठराव झाले असं मी विचारलं, तर म्हणालीस, "पीडीओ साहेबांनी वाचून दाखवले की." पंचायत विकास अधिकाऱ्यांनी कन्नड ठराव वाचून दाखवले. तू वाचलेस का?

माझी गोष्ट सांगतो, हसू नको. पंचायतीत पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा कन्नड बोलायला यायचं, बाजारात चालेल एवढं. अक्षर ओळखत नव्हतो. पहिल्या वर्षी कामांच्या यादीचा ठराव झाला. 'ठराव' हा शब्द कन्नडातही तोच, त्यामुळं उगीच वाटलं, सगळं कळतंय. रजिस्टर फिरत आलं, मी सहीला चार लोक बघतील अशा ऐटीत पेन काढलं. जूनमध्ये आमच्या गल्लीत पाणी घरात शिरलं. गटार मंजूर होतं म्हणून मीच सगळ्यांना पेढे वाटले होते! एक वहिनी तांब्यानं उंबऱ्यातलं पाणी उपसत होत्या, मला बघून थांबल्या. त्यांचा सातवीतला पोरगा आत गेला आणि कुणीतरी पंचायतीतून आणलेली ठरावाची झेरॉक्स घेऊन आला. बोट ठेवून वाचायला लागला, "चरंडी... काका, चरंडी म्हणजे गटार. हे पलीकडच्या गल्लीचं नाव आहे. आणि ही सही तुमची ना?" सही माझीच. त्याच्या आईनं पुन्हा तांब्या बुडवला, एक शब्द बोलली नाही. त्या महिन्यात मी पहिलीच्या मुलांची पाटी घेतली आणि त्याच पोराकडं शिकायला बसलो.

तुला आपल्यातलेच लोक म्हणतील, कन्नड शिकणं म्हणजे माघार. त्यांना तोडून बोलू नको. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या आंदोलनातला 17 जानेवारी 1956 चा गोळीबार ज्यांच्या घरानं भोगला, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातलं कुणी ज्यांच्या घरातून गेलं, त्यांच्या बोलण्यामागं दुःख आहे. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर 1 जूनला मीही जातो. पण मराठीत कागद मिळावा म्हणून अर्ज करायचा तोही ज्या टेबलावर जातो, तिथला शेरा कन्नडात येतो. तो शेरा वाचता आला नाही तर आपला हक्क कुठल्या ओळीत अडकला हेच कळत नाही. विधानसभेतही तसंच. घटनेच्या 210 व्या कलमात सोय आहे, सभागृहाच्या भाषांत नीट मांडता येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं. पहिलं भाषण मराठीत जरूर कर, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईल. पण तू विचारलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर हातात पडतं ते कन्नडात, आणि मंत्री कुठं निसटतोय हे त्याच उत्तरात दिसतं.

आता वाटेचं. आमच्या वेळी पंचायत, मग तालुका पंचायत, मग जिल्हा पंचायत, अशी शिडी होती. जिल्हा पंचायतीचा सदस्य बऱ्याच गावांत ओळखीचा व्हायचा, आमदारकीची निम्मी तयारी तिथंच. 2016 ला निवडून आलेल्यांची मुदत 2021 ला संपली आणि निवडणुका रखडल्या. मधल्या पायऱ्याच निखळल्या म्हण. त्यामुळं तुमच्या पिढीतले काही थेट बॅनरवरून उडी मारायला बघतात. वाढदिवसाचा बॅनर, गणपतीचा बॅनर, खाली पन्नास पासपोर्ट फोटो. त्यानं ओळख होते, मत मिळतं असं मी तरी पाहिलं नाही. तू शेजारच्या गावांची कामं अंगावर घे. उताऱ्यावरचं चुकलेलं नाव, विधवेची अडकलेली पेन्शन, नाडकचेरी या महसूल कचेरीतली चौथी खेप. हलगा-मच्छे बायपासमध्ये ज्यांची तिबार पिकाची जमीन जाते त्यांच्याबरोबर बांधावर बस, पण त्याआधी भूसंपादनाची नोटीस वाचून जा. नुसती घोषणा द्यायला त्यांच्याकडं माणसं आहेत.

एक जपून सांगतो. विधान परिषदेच्या स्थानिक संस्था मतदारसंघात आपल्या जिल्ह्याला दोन जागा आहेत आणि तिथं मतदार कोण, तर तुम्ही पंचायत सदस्य, नगरसेवक. एरवी तुझं नाव न आठवणारे साहेब तेव्हा घरी येतील, सहलीला नेतील, पाकीट देतील. घेऊ नको. मी एकदा घेतलं होतं. पुढं त्या साहेबांकडं गावच्या पाण्याच्या टाकीसाठी गेलो, तर त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्या बघण्यात सगळा हिशेब होता. टाकीचा कागद खिशातच ठेवून घरी आलो.

महाराष्ट्र एकीकरण समिती की एखादा पक्ष, हे तू विचारलं नाहीस, पण ओठावर होतं. 2013 ला समितीचे दोन आमदार झाले, 2018 आणि 2023 ला एकही नाही. फुटीनं घात केला हे खरं, सगळंच फुटीवर टाकणं मात्र सोयीचं आहे. समितीच्या उमेदवाराला अपक्ष म्हणून लढावं लागतं: दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो, आणि चिन्ह हातात येतं ते माघारीची मुदत संपल्यावर. 2023 ला माघार 24 एप्रिलला, मतदान 10 मेला. एवढ्या दिवसांत म्हातारीच्या डोक्यात चिन्ह बसवायचं. पक्षात गेलीस तर चिन्ह आयतं, पण 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत दिसशील का, याचं उत्तर पक्ष आधीच विचारेल. मी समितीतच म्हातारा झालो, तरी तुला तेच कर असं सांगणार नाही. ठरव, आणि ठरवलंस ते आधी वडिलांना सांग, पेपरला मागाहून.

हरण्याची भीती घालणारे बरेच भेटतील. काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर 2013 ला विधानसभा हरल्या, 2014 ला लोकसभा हरल्या, आणि 2018 ला बेळगाव ग्रामीणमधून पन्नास हजारांच्या वर मताधिक्यानं आल्या. त्यांचं राजकारण मला पटतं असं नाही. पण दोनदा हरून त्या घरी बसल्या नाहीत, हे बघ.

खर्चाची कायदेशीर मर्यादा चाळीस लाख आहे. खरा आकडा मी कागदावर लिहीत नाही. तुझ्याकडं दोन्ही नाहीत, म्हणून बूथ ओळख. फॉर्म 20 मध्ये प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं पडली ते छापलेलं असतं, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या साइटवर मिळतं. आपल्या मतदारसंघाचे 2013, 2018, 2023 असे तिन्ही काढ. जिथं समितीची मतं कोसळली त्या बूथवर लाल पेननं खूण कर आणि तिथल्या चार घरांत जाऊन फक्त ऐकून ये, आपलं काही बोलू नको.

बुधवारी जेवायलाच ये. काकू आंबोळ्या करते म्हणाली. फॉर्म 20 च्या प्रती मोठ्या अक्षरात काढून आण, आणि मागच्या बैठकीचा ठरावही. तो तू वाचायचास, मी ऐकणार.

तुझा,
काका