शेकाप कधी मुख्य विरोधी पक्ष होता का? आणि मग गेला कुठे?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर हो असं आहे. महाराष्ट्र झाल्यावरच्या १९६२ आणि १९६७ या दोन्ही निवडणुकांत काँग्रेसखालोखाल सर्वाधिक आमदार शेतकरी कामगार पक्षाचे होते, अनुक्रमे १५ आणि १९. त्याआधी १९५७ला, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, जुन्या मुंबई राज्यात ३१ निवडून आले होते. २०२४ला एक.

"गेला कुठे" याचं उत्तर माझ्या मते जन्मातच आहे. शेकाप काँग्रेसच्याच पोटातून निघाला. केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले. बहुजन शेतकऱ्याने काँग्रेस गावोगाव नेली, पण निर्णय वेगळीच माणसं घेतात, हा सल त्यांना आणि शंकरराव मोऱ्यांना होता. त्यातून १९४७ला पक्ष उभा राहिला. १९५०ला मालेगावजवळच्या दाभाडीत मार्क्सवाद स्वीकारणारा प्रबंध मंजूर झाला. त्या 'दाभाडी प्रबंधा'चं नाव जुने कार्यकर्ते अजून आदराने काढतात. किती जणांनी वाचला होता हा प्रश्न मी तरी त्यांना विचारणार नाही.

प्रबंध मार्क्सचा, माणसं सत्यशोधक वळणाची आणि मतं बागायतदार-कुळांची, हे तिन्ही एका दावणीला फार काळ राहिलं नाही. क्रांतिसिंह नाना पाटील, दत्ता देशमुख लवकरच बाहेर पडले. खुद्द जेधे १९५४ला काँग्रेसमध्ये परतले, मोरेही गेले. पुढे यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं, म्हणजे विरोधकांनाही काँग्रेसमध्ये सामावून घेण्याचं, राजकारण केलं आणि कारखाना, बँक, जिल्हा परिषद यांच्या वाटेने बहुजन नेतृत्वाला सत्तेत जागा मिळाली. मूळची तक्रारच निम्मी मिटली. नावातला कामगार तर फारसा आलाच नाही. गिरणगावात कम्युनिस्ट आणि समाजवादी आधीपासून ठाण मांडून होते.

मग पक्ष टिकला कुठे? जिथे जमिनीचं किंवा पाण्याचं भांडण खरं होतं तिथे. रायगडात त्याची मुळं पक्षाहून जुनी आहेत: अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध) १९३३ पासून सहा वर्षं शेती कसायचीच नाही असा संप केला. त्यांचे चिरंजीव दत्ता पाटील पुढे शेकापचे मोठे नेते झाले. उरण-पनवेलला दि. बा. पाटील उभे राहिले. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. दि. बा. स्वतः मात्र नंतर शिवसेनेत गेले.

आणि सांगोला. दुष्काळी तालुका, आमदार गणपतराव देशमुख. १९६२ला पहिल्यांदा निवडून आले, मध्ये १९७२ आणि १९९५ला पडले, तरी एकूण अकरा वेळा जिंकले. आबा एसटीने मुंबईला जातात हे तिथे कौतुकाने सांगितलं जाई. २०२४चा तो एकुलता एक आमदार सांगोल्याचाच, आणि त्यांच्याच घरातला. अलिबागची जागा मात्र २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा हातची गेली.