सातवीणीच्या लाकडाचा पलंग करावा का?

परसातली सातवीण (सप्तपर्णी) पडली, पण तिच्यावर देवचार, म्हणजे भूत, असतो म्हणतात; मग तिच्या लाकडाचा पलंग करावा का, असा हा प्रश्न. नको, तिचा पलंग करू नका. पण कारण तिच्यावरचा देवचार नव्हे, लाकूड आहे. मी गोव्यात फोंड्याला सुतारकाम करतो. सातवीणीचं लाकूड पांढरट, हलकं आणि मऊ; स्क्रू घट्ट धरत नाही, आणि आपल्या दमट हवेत त्याला कीड, बुरशी फार लवकर लागते. म्हणूनच त्याचा वापर खोकी, पेन्सिली, शाळेच्या पाट्या अशा हलक्या कामांपुरता राहिला. पलंगाला फणस, शिवण किंवा किंदळ घ्या. फणसाचं लाकूड तर वर्षागणिक सुंदर गडद होत जातं.

झाडावर भूत असतं ही समजूत गोव्यातच नाही, देशात अनेक ठिकाणी आहे. पावसाळ्यानंतर सातवीण फुलते तेव्हा रात्री तिचा वास इतका उग्र होतो की काहींचं डोकं चढतं. समजुतीचं मूळ तिथे असावं असं मला वाटतं. शेजारच्या तुळुनाडात (कर्नाटक किनाऱ्यावरचा मंगळूर-उडुपीचा भाग) मात्र आटी या तुळू महिन्यातल्या, ऐन पावसाळ्यातल्या अमावस्येला याच झाडाच्या सालीचा कडू रस औषध म्हणून पितात.

लाकूड फुकट घालवायचं नसेल तर ओलं असतानाच चिरून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा, सावलीत वाळवा. देव्हाऱ्यामागची फळी, मुखवटे, छोट्या पेट्या छान होतात.