चिलखत निखळलं आणि लोक हसले तर?

प्रश्न : येत्या कॉमिक कॉनला (कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्याला) पहिल्यांदाच फोमचं चिलखत घालून कॉस्प्ले करतोय, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घेऊन उतरतोय. स्टेजवर ४५ सेकंद मिळतील. काहीतरी निखळेल, लोक हसतील, या विचारानेच धडधडतं. नाव मागे घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. तुमच्या दोन भीती एकमेकींत अडकल्यात, त्या आधी सोडवा.

निखळण्याची भीती खरी आहे. तिच्यावर इलाज हातांनी करायचा. ईव्हीए या हलक्या फोमचे सांधे सुटतात ते बहुधा घाईमुळे. फेविबॉन्ड हा गोंद दोन्ही कडांना पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण १० मिनिटं थांबा आणि मगच दाबा. ओल्यावर जोडलं की सांधा कच्चा राहतो आणि उकाड्यात उघडतो. खांद्याच्या पट्ट्यावर सगळा भार येतो. तो नुसता चिकटवू नका, शिवून घ्या. मग पूर्ण वेश चढवून घरात तासभर वावरा : बसा, वाका, जिना चढा. जे सुटायचं ते तिथेच सुटू दे. स्टेजमागे सोबत्याकडे फेविक्विक, सेफ्टी पिना आणि रुंद चिकटपट्टी हवीच.

आता हसण्याची भीती. कॉर्नेल विद्यापीठातला, २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला, त्यांना लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आला. स्टेजवर नजरा तुमच्यावर असणारच, पण त्या पात्रावर असतात. सुटलेलं बक्कल दिसतं ते तुम्ही घाबरून त्याकडे पाहिलंत तर.

म्हणून विनोद आधीच तयार ठेवा, आणि तो पात्राच्या तोंडचा असू द्या. खांद्याचं कवच पडलं, तर थांबा, ते उचला आणि पात्राच्याच आवाजात म्हणा, ‘शत्रूला जमलं नाही ते उकाड्याने केलं!’ मग पुढची हालचाल. आवाजाची यंत्रणा बंद पडली तर त्यासाठी दुसरं वाक्य. ही दोन्ही वाक्यं स्टेजवरच्या तुमच्या छोट्या नाटुकल्याइतकीच घोकायची. ऐन वेळी सुचत नाहीत. स्वतःच्या शरीरावर किंवा ‘मला काही येतच नाही’ छापाचं बोलू नका. त्याने लोक हसतात, पण तुम्ही आणखी आक्रसता.

आत जाण्यापूर्वी ‘शांत हो’ असं मनाला बजावू नका. धडधडणारं शरीर ते ऐकत नाही. ‘मला उत्साह आलाय’ असं मोठ्याने म्हणा. अमेरिकी संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांचं भाषण आणि गाणं दोन्ही अधिक चांगलं झालं.

प्रश्न : आमच्या कॉस्प्ले ग्रुपमध्ये नवख्यांची टर उडवतात आणि ‘गंमत आहे’ म्हणतात. काय करावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ज्याच्यावर विनोद झाला तो हसतोय का, ते पाहा. नसेल तर ॲडमिननी त्याच दिवशी खासगीत समज द्यावी. दुसऱ्यांदा झालं तर सगळ्यांसमोर थांबवावं, आणि नवख्याला पुढच्या फोटोशूटला स्वतःहून फोन करून बोलवावं.