उरलेले पैसे भरण्याआधी कलम १७

नाशिकच्या एका निवृत्त अभियंत्यांचं पत्र आलं आहे. ९ सप्टेंबरपासून ऱ्हाईन नदीवर बासेल ते ॲमस्टरडॅम अशी सात रात्रींची क्रूझ, नवरा-बायको मिळून विमानभाड्यासकट ७ लाख ४० हजार. जानेवारीत पर्यटन प्रदर्शनातल्या स्टॉलवर त्यांनी दीड लाख भरले, उरलेली रक्कम ११ जुलैपर्यंत भरायची आहे. आता दुसरी कंपनी हीच सफर नव्वद हजारांनी स्वस्त देते आहे. ते विचारतात, कोणती कंपनी निवडू? आणि नदीचं पाणी उतरलं तर पैसे परत मिळतील का? नदी कधी डॅन्यूब असते, कधी ऱ्हाईन, पण हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो.

केबिन, बाल्कनी आणि शाकाहारी जेवणाबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे. अटी-शर्ती मात्र मी मागितल्यावर तीन आठवड्यांनी पाठवल्यात, आणि सोबत लिहिलंत की ही फाइल आजच उघडली. एकोणीस पानांची फाइल जानेवारीपासून तुमच्या मेलमध्ये पडून होती. दीड लाख भरण्याआधी ती वाचायला एक संध्याकाळ पुरली असती. मी हे रागावून लिहितो आहे, कारण तुमच्या हातात जे काही आहे ते ११ जुलैपर्यंतच आहे, आणि त्यातले तीन आठवडे गेले.

एकोणीस पानांतलं कलम १७ सोडून बाकी सगळं बाजूला ठेवा. त्याचा मराठी सारांश असा: पाण्याची पातळी, पूर, जलपाशातला (नदीत जहाज वर-खाली नेणाऱ्या दरवाजांतला) बिघाड किंवा इतर कारणामुळे जहाज नेणं कंपनीच्या मते शक्य नसेल, तर कंपनी बस आणि हॉटेल अशी पर्यायी व्यवस्था करील, आणि त्यापोटी कोणताही परतावा देय नाही. ‘कंपनीच्या मते’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. किती रात्री, याला मर्यादा नाही. एक रात्र हॉटेलात गेली तरी हेच कलम, सातही गेल्या तरी हेच. तुम्ही क्रूझचे पैसे देणार आणि कंपनीनं बसची सहल दिली तरी कागदावर तिची चूक नाही.

हे घडतं का? घडतं, दरवर्षी नाही. ऱ्हाईनवर काऊब नावाचं गाव आहे, नदीच्या मधोमध खडकावर छोटा किल्ला असलेलं. तिथल्या मापपट्टीवर साऱ्या जहाजवाल्यांचं लक्ष असतं. पट्टीवरचा आकडा म्हणजे खोली नव्हे: पट्टी ७८ सेंटिमीटर दाखवते तेव्हा जहाजांच्या मार्गात सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर पाणी असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ वर आला होता, ऑगस्ट २०२२ मध्ये ४० च्या खाली. प्रवासी जहाजं मालवाहू जहाजांपेक्षा हलकी, त्यामुळे मालवाहतूक अडखळली तरी ती काही काळ चालतात, पण त्यालाही हद्द आहे. आणि काऊब नेमकं बिंगेन ते कोब्लेंझ या ६५ किलोमीटरच्या पट्ट्यात येतं, जो २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ब्रोशरच्या मुखपृष्ठावरचे किल्ले आणि द्राक्षमळे याच पट्ट्यातले. ज्या भागासाठी तुम्ही जाणार, तोच उथळ. आल्प्सचं बर्फ वितळून जून-जुलैत नदी भरते आणि उन्हाळा सरता सरता उतरायला लागते. तुमची तारीख ९ सप्टेंबर.

आता कंपनी. स्वस्त कंपनीच्याही अटी तुम्ही पाठवल्यात. तिथे हे कलम १४ व्या क्रमांकावर आहे, मजकूर जवळपास तोच. म्हणजे नव्वद हजार वाचवायला दीड लाख सोडून तुम्ही त्याच कलमाखाली जाल. हा व्यवहार करू नका. कंपनी-कंपनीत खरा फरक एका गोष्टीनं पडतो: त्या नदीवर तिची एकाच बनावटीची किती जहाजं आहेत. मोठ्या कंपन्या उथळ पट्ट्याच्या अलीकडे एक जहाज थांबवतात, प्रवाशांना काही तास बसनं पुढे नेतात आणि पलीकडच्या तशाच जहाजावर, तशाच केबिनमध्ये चढवतात. एक दिवस जातो, पण सफर टिकते. एखादंच जहाज भाड्यानं घेऊन चालवणाऱ्याला हे जमत नाही. उशा आणि बुफेआधी हे विचारायला हवं होतं.

आजच टूरवाल्यांना ईमेल करा, फोन नको. मजकूर देतो: ‘आमच्या बुकिंगमध्ये सात रात्री जहाजावर आहेत. पाण्याच्या पातळीमुळे यातल्या काही रात्री हॉटेलात काढाव्या लागल्या, तर प्रत्येक रात्रीमागे किती रक्कम परत मिळेल? तीन किंवा जास्त रात्री जहाज मिळणार नाही असं निघण्याआधी कळलं, तर पूर्ण रक्कम परत घेऊन सफर रद्द करता येईल का? या नदीवर कंपनीची तशीच दुसरी किती जहाजं आहेत? उरलेली रक्कम भरण्याआधी याचं लेखी उत्तर हवं आहे.’ पाच लाख ९० हजार त्यांना अजून मिळायचे आहेत, म्हणून आज ते उत्तर देतील. १२ जुलैला तुमच्या मेलची गोडी उरणार नाही. उत्तर आलंच नाही, तर विचारूनही सांगितलं नाही एवढं तरी कागदावर राहील.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, सहज लिहिली आहे: स्टॉलवरच्या मुलानं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, ‘सेव्हन नाइट्स ऑन शिप, गॅरंटीड सर.’ तो संदेश पुसू नका आणि तो फोन बदलू नका. हमी देऊन विकलं आणि मागे कलम १७ लपवलं, असा मुद्दा ग्राहक आयोगापुढे या एका ओळीवर उभा राहू शकतो.

कलम २२ म्हणतं की टूरवाले ‘केवळ मध्यस्थ’ आहेत आणि वाद फक्त बासेलच्या न्यायालयात. त्यानं घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते, आणि तुमच्या रकमेवर फी २०० रुपये आहे. मध्यस्थ असल्याच्या बचावाला मला एक चांगलं उत्तर दिसतं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेता टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर, गोळा करतो. तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा प्राप्तिकर खात्याकडचा उतारा, उघडून तिथे टीसीएस कुणाच्या नावानं जमा झाला आहे ते बघा. प्राप्तिकर खात्यापुढे पॅकेजचा विक्रेता आणि आयोगापुढे निव्वळ मध्यस्थ, अशा दोन भूमिका एकाच वेळी घेणं अवघड जाईल. जहाज चालवणाऱ्या स्विस कंपनीविरुद्ध आदेश मिळाला तरी वसुली फार लांबची, म्हणून जबाबदार माणूस नाशिकमध्येच हवा. आयोग कलम १७ कितपत मानेल, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पायोनियर अर्बनच्या प्रकरणात म्हटलं, पण ते घरखरेदीचं प्रकरण होतं. करारच अन्यायकारक ठरवून रद्द करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. तो राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे.

जर्मनीतला तुमचा मुलगा म्हणतो की असे पैसे परत मिळतातच. ते त्याच्यापुरतं खरं आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशानुसार ठरलेली सेवा मिळाली नाही तर कंपनीचा दोष नसतानाही किमतीतला हिस्सा परत मिळतो. अपरिहार्य कारण असेल तर फक्त वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. तुम्ही मात्र नाशिकच्या टूरवाल्याकडून घेतलं आहे. युक्तिवादात हे वापरता येईल, भरवसा ठेवून जाऊ नका.

आणि काही बिनसलंच, तर परतल्यावर एका तारखेखेरीज काही लक्षात ठेवू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये अशाच क्रूझवर गेलेल्या एक बाई माझ्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या. चार दिवस बस, चार वेगवेगळी हॉटेलं, रोज सकाळी बॅगा बांधायच्या. यजमानांचे गुडघे दुखत होते, ते दोन किल्ले बसमधूनच बघत राहिले. बाईंनी प्रत्येक हॉटेलच्या खोलीच्या किल्लीचा फोटो काढला होता, तारखेसकट. इतकी नीट फाइल माझ्याकडे क्वचित येते. पण टूरवाले दर दोन महिन्यांनी ‘वरिष्ठांशी बोलतोय, लवकरच कळवतो’ असं लिहीत राहिले आणि बाई वाट बघत राहिल्या. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षं. असल्या पत्रव्यवहारानं ती वाढत नाही. विलंब माफीचा अर्ज केला, चार तारखा त्यातच गेल्या आणि अर्ज नामंजूर झाला. फोटो कुणी बघितलेसुद्धा नाहीत. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत शक्यतो निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांना याची लाज वाटायला हवी. पण आयोगाला उशीर चालतो, तुम्हाला चालत नाही. परतल्यावर महिन्याभरात नोटीस, सहा महिन्यांत तक्रार.

तुमच्या अटींत एक दार उघडं दिसतं. ६० दिवस आधी कळवलं तर माणशी दहा हजारांत तारीख बदलता येते, दीड लाख न गमावता. पुढच्या वर्षी जूनची तारीख मिळते का ते याच ईमेलमध्ये विचारा. जूनला पूर येणारच नाही असं मी म्हणत नाही, पण काऊबच्या पट्टीवरचा आकडा त्या वेळी सहसा सप्टेंबरपेक्षा बरा असतो. जूनची तारीख मिळाली तर घ्या. नाही मिळाली आणि उत्तरही टोलवाटोलवीचं आलं, तर ११ जुलैला पैसे भरायचे की दीड लाखावर पाणी सोडायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं आहे. आलेलं उत्तर मला ८ जुलैच्या आत पाठवा, तीन दिवस तरी हातात राहू देत.