रिपोर्टमध्ये आर्सेनिक ‘मर्यादेत’ आहे, पण ते तर गट १ मधलं कर्करोगकारक. मग हे पाणी विषारी म्हणायचं की नाही?

तुमच्या रिपोर्टमध्ये आर्सेनिक लिटरमागे ०.००८ मिलिग्रॅम आहे, मर्यादा ०.०१. शिशापुढे नुसतं ‘बीडीएल’ (बिलो डिटेक्शन लिमिट) लिहिलंय. घरात दोन महिन्यांचं, ५ किलोचं बाळ आहे आणि त्याचं पावडरचं दूध याच पाण्यात कालवलं जातं. पाण्याचे नमुने तपासणं हेच माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हॅझर्ड आणि रिस्क यांतला फरक. यंत्राचं कॅलिब्रेशन करायला माझ्या टेबलावर आर्सेनिकच्या द्रावणाची बाटली असते, लिटरला १००० मिलिग्रॅमची. तुमच्या पाण्यापेक्षा सव्वा लाख पट तीव्र. तरीही हातमोजे घालून, झाकण लावून काम करताना त्यातलं माझ्या पोटात काही जात नाही, म्हणून मला धोका नगण्य. बाळाच्या पोटात मात्र तुमचं पाणी रोज जातंय. विषारीपणा म्हणजे हॅझर्ड हा पदार्थाचा गुण, तो दोन्हीकडे सारखाच. धोका म्हणजे रिस्क ठरते ती किती, कोणत्या वाटेनं, किती दिवस आणि कोणाच्या अंगात गेलं यावर. या ‘अंगात जाण्याला’ एक्स्पोजर म्हणतात.

‘गट १’ वाचून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचे हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. त्याच गटात प्लुटोनियम आहे, दारू आहे आणि सूर्यप्रकाशही आहे.

आता बाळाचा हिशोब करू. लिटरमागे ०.००८ मिलिग्रॅम म्हणजे ८ मायक्रोग्रॅम, यालाच ८ पीपीबी (अब्जात ८ भाग) म्हणतात. ६० किलोचा माणूस दिवसाला २ लिटर पाणी प्यायला तर १६ मायक्रोग्रॅम पोटात जातं, म्हणजे किलोमागे साधारण ०.२७. बाळ दुधातून पाऊण लिटर घेतं, म्हणजे ६ मायक्रोग्रॅम. त्याला ५ किलोनं भागा: किलोमागे १.२. पाणी तेच, पण वजनाच्या मानानं बाळाला साडेचार पट डोस. टॉक्सिकोलॉजीत, म्हणजे विषशास्त्रात, डोस असाच किलोमागे मोजतात आणि रिपोर्टवरच्या ‘मर्यादेत’ या शब्दात नेमकं हेच दिसत नाही.

मर्यादा म्हणजे काही अलीकडे अमृत आणि पलीकडे विष अशी रेघ नव्हे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा कित्येक वर्षं ५० पीपीबी होती, २००६ च्या जानेवारीपासून १० लागू झाली. पाण्यात रातोरात काहीच बदललं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनाही आपल्या १० च्या आकड्याला ‘तात्पुरता’ म्हणते, कारण तो ठरवताना इतकं कमी आर्सेनिक काढणं आणि मोजणं कितपत जमतं हेही धरलेलं आहे.

एलडी-५० बद्दल विचारलंत. एका डोसात निम्मे प्रायोगिक प्राणी मरतील ते प्रमाण म्हणजे एलडी-५०. तुमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. आर्सेनिकचं पाणी बाधतं ते वर्षानुवर्षांच्या सेवनानं: त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड होतात, पुढे त्वचा, मूत्राशय, फुफ्फुस यांचे कर्करोग. दिलासा इतकाच की पोटात गेलेलं बरंचसं आर्सेनिक काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. पाणी बदललं की भर पडणं लगेच थांबतं.

शिशाचं तसं नाही. ते हाडांत जाऊन बसतं, दशकानुदशकं राहतं आणि लहान मुलं ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेतात. त्याची सुरक्षित अशी पातळी आजवर सापडलेली नाही. म्हणून मला तुमच्या आर्सेनिकपेक्षा ते ‘बीडीएल’ जास्त खटकतंय. बीडीएल म्हणजे शून्य नव्हे, ‘आमच्या पद्धतीला दिसेल इतकं नाही’, एवढंच. लॅबला फोन करून शिशाची डिटेक्शन लिमिट, म्हणजे त्यांच्या पद्धतीला दिसणारं कमीत कमी प्रमाण, विचारा. ती लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम असेल आणि मर्यादा ०.०१, तर त्या बीडीएलला काडीचा अर्थ नाही. नमुना कधी घेतला तेही आठवा. शिसं बहुतेक वेळा पाइप आणि जोडांमधून पाण्यात उतरतं, त्यामुळे नळ पाच मिनिटं सोडून भरलेल्या बाटलीत ते बहुधा सापडणार नाही. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी, सकाळी नळ उघडताच येणारी पहिली धार, तपासायला द्या.

एक चूक मात्र करू नका. आर्सेनिक जाईल म्हणून पाणी जास्त वेळ उकळू नका. उकळल्यानं जंतू मरतात, धातू तसेच राहतात, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. साध्या कार्बन फिल्टरवरही भिस्त ठेवू नका. आरओ असेल तर त्यातून बाहेर पडलेलं पाणी वेगळं तपासून घ्या.

८ पीपीबीनं आज-उद्या बाळाला काही होईल असं नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर दूध कालवायला आजपासूनच तपासलेलं दुसरं पाणी वापरलं असतं आणि रिपोर्ट बाळाच्या डॉक्टरांना दाखवला असता. डिटेक्शन लिमिट कळली की इथेच कमेंटमध्ये लिहा, पुढचं बघू.